रात्रीचे नऊ

अमेरिकेतल्या एखाद्या गावात मूस लॉजची बैठक भरलेली असते. लॉज म्हणजे इथं संघटनेची शाखा. नऊचा ठोका पडतो आणि बोलणं तिथल्या तिथं थांबतं. सगळे उभे राहतात, एका दिशेला वळतात, हातांची घडी घालून माना खाली घालतात. ती दिशा मूसहार्टची, इलिनॉय राज्यातल्या मुलांच्या वसाहतीची. तिथली मुलं याच वेळी झोपण्याआधीची प्रार्थना करतात, म्हणून शेकडो मैलांवरच्या या माणसांनीही मनातल्या मनात त्यांच्यासाठी काही मागायचं, अशी ही रीत.

ही संघटना म्हणजे ‘लॉयल ऑर्डर ऑफ मूस’. ती 1888 मध्ये केंटकीतल्या लुईव्हिल शहरात सुरू झाली. डॉ. जॉन हेन्री विल्सन हे संस्थापक. सुरुवातीला हा पुरुषांनी एकत्र बसायचा क्लबच होता आणि 1906 पर्यंत त्यात अडीचशेच्या आसपास माणसं उरली होती. त्याच वर्षी जेम्स डेव्हिस सभासद झाला. वेल्समध्ये जन्मलेला हा माणूस लहानपणी पेनसिल्व्हानियात आला, कोवळ्या वयात पोलादाच्या कारखान्यात लागला, पुढं भट्टीसमोर उभं राहून वितळलेलं लोखंड ढवळू लागला. त्या काळी कामावर माणूस दगावला, तर घरच्यांना भरपाई देणारा कायदा नव्हता. विधवेनं मिळेल ते काम करायचं आणि तेही पुरलं नाही, तर मुलं अनाथाश्रमात. ही धास्ती आपल्याकडच्या गिरणगावालाही ठाऊक होती. गावमंडळाच्या वर्गणीतून मयतीचा खर्च उचलणारे चाकरमानी त्याच धास्तीपोटी एकमेकांना धरून राहिले.

डेव्हिसनं सभासदांपुढं ठेवलेला शब्द साधा होता: तुम्ही गेलात, तर तुमची मुलं आमची. या शब्दावर काही वर्षांत सभासद लाखांनी वाढले. 1913 च्या जुलैमध्ये शिकागोच्या पश्चिमेला, फॉक्स नदीजवळ हजार एकरांवर मूसहार्ट उभं राहिलं. उद्घाटनाला उपराष्ट्राध्यक्ष थॉमस मार्शल आले होते. इथं मुलांना मोठ्या दालनात ओळीनं झोपवायचं नाही, लहान लहान घरांतून वाढवायचं, असं ठरलं. भावंडांची ताटातूट टाळायची, विधवा आईलाही मुलांबरोबर ठेवून घ्यायचं. शाळेबरोबर हाताला एखादा धंदाही शिकवायचा. पैसे फेकून मोकळं होणं सोपं असतं. रोजचं जेवण, आजारपण, अभ्यास आणि रुसवेफुगवे अंगावर घेणं अवघड. मूसचा मोठेपणा या अवघड भागात आहे.

म्हाताऱ्या सभासदांसाठी 1922 मध्ये फ्लोरिडातल्या ऑरेंज पार्कला, सेंट जॉन्स नदीकाठी मूसहेवन निघालं. तोवर डेव्हिस देशाचा कामगारमंत्री झाला होता; तीन राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली त्यानं ते खातं सांभाळलं.

पण या बंधुभावाला कुंपण होतं, आणि ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट प्रामाणिक होत नाही. सभासदत्व फक्त गोऱ्यांना होतं. 1968 मध्ये पेनसिल्व्हानियाच्या विधिमंडळातले कृष्णवर्णीय सदस्य के. लेरॉय आयर्विस एका सभासदाचे पाहुणे म्हणून हॅरिसबर्गच्या लॉजमध्ये गेले, तर त्यांना जेवण-पेय नाकारलं गेलं. खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला. 1972 मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लॉजच्या बाजूनं लागला: खासगी संघटनेला दारूचा परवाना दिला, एवढ्यावरून तिचा भेदभाव सरकारचा ठरत नाही. कायद्यात लॉज जिंकला. पण पोरक्या मुलांसाठी रोज मान लववणाऱ्यांनी रंग पाहून पाहुण्याला उपाशी परत पाठवावं, हा डाग निकालानं पुसला जात नाही. आयर्विस 1977 मध्ये त्याच राज्याच्या प्रतिनिधिगृहाचे सभापती झाले.

वर्णाची ती अट पुढं काढून टाकली गेली. मुलांच्या बाबतीतलं कुंपणही नंतर निघालं. मूसहार्टमध्ये येणाऱ्या मुलाचे आईवडील आज मूसचे सभासद असावे लागत नाहीत. घरी आधार नाही, एवढं पुरतं.