सहारचे नऊ तास

रमजानचा पहिला आठवडा सरला की मुंबईच्या सहार विमानतळावर एक दृश्य रोजचे होऊन जाते. पहाटे सोलापूर, लातूर, बीड, मालेगावकडून आलेल्या खासगी बस माणसे उतरवतात. टूरवाल्याने दिलेल्या एकाच रंगाच्या बॅगा, गळ्यात ओळखपत्र, हातात तसबीह, सोबत सहरीचा रिकामा डबा. जिद्दाचे विमान संध्याकाळी किंवा रात्री. मधले आठ-दहा तास करायचे काय, हे कोणी सांगितलेले नसते. मग आत सोडले तर खांबाच्या कडेला, नाही तर बाहेरच्या बाकावर बॅगांचे कुंपण घालून मंडळी बसून राहतात.

उमराह म्हणजे हजच्या ठरलेल्या दिवसांशिवाय वर्षभरात केव्हाही करता येणारी मक्केची यात्रा. रमजानमधल्या उमराहचे पुण्य हजच्या बरोबरीचे, असे हदीसमध्ये आले आहे, म्हणून या महिन्यात गर्दी जास्त. यात्रेला निघणाऱ्यांत निम्मे तरी साठीच्या पुढचे. त्यांतले कित्येक जण आयुष्यात पहिल्यांदा मुंबईत पाय ठेवतात आणि ती न बघताच आकाशात जातात.

सोलापूरच्या एका घरातल्या अम्मांचे असेच झाले. वय अडुसष्ट. त्यांचे मिया मुंबईच्या गोदीत कामाला होते. खोलीत आठ माणसे, त्यामुळे बायकोला नेण्याचा प्रश्नच नव्हता. ईदला घरी येत, बाकी वर्षभर मनीऑर्डर आणि पत्र. हाजींचे जहाज सुटले की पत्रात तेही आवर्जून लिहीत. मिया गेले, मुलाने शिकून दुकान टाकले, पैसे साठवून आईला उमराहला न्यायचे ठरवले. बस पहाटे सहारला पोहोचली. विमानाला नऊ तास होते. अम्मांनी विचारले, गोदी इथून किती लांब? मुलगा म्हणाला, “अम्मा, उमरे कू जारे, बंबई देखने कू नै.” अम्मा गप्प बसल्या. पुढचे नऊ तास त्यांनी गुळगुळीत फरशी पाहिली.

मुलाचे म्हणणे वरवर योग्य वाटते. इबादतीला निघालेल्या माणसाने मन इकडेतिकडे घालवू नये. पण ज्या परंपरेच्या नावाने हे बोलले जाते, ती परंपरा अशी नव्हती. मुघल काळात सुरतेला ‘बाब-उल-मक्का’, मक्केचा दरवाजा म्हणत. आगबोटी आल्या आणि तो मान मुंबईकडे आला. देशभरातून आलेले हाजी जहाजाची वाट बघत या शहरात कित्येक दिवस काढत. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना आजही उभा आहे. हाजी तिथे उतरत, बाजारातून शिदोरी भरत, माहीमला आणि हाजीअलीला जाऊन येत, घरी पत्रे धाडत. मुंबई हा त्यांच्या यात्रेचा पहिला टप्पाच होता. १९९५ मध्ये जिद्दाची जहाजे बंद झाली, सगळी वाहतूक विमानाने होऊ लागली आणि तो टप्पा आक्रसून एका खांबाएवढा झाला. प्रवास सोपा झाला हे चांगलेच. त्याबरोबर मधला मुक्काम हा निव्वळ वैताग आहे, अशी समजूत झाली, ती मात्र चुकीची.

इस्लाममध्ये मुसाफिराला खास दर्जा आहे. जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना देता येते, त्यांत वाटेवर अडलेला प्रवासी आहे. मुसाफिराची दुआ परत फिरवली जात नाही, असे मानतात. चार रकातींची फर्ज नमाज त्याच्यासाठी दोनवर येते. रोजा पुढे ढकलण्याची मुभा तर थेट कुरआनने दिली आहे. घाटावरच्या हनफी मंडळींत साधारण ४८ मैलांपलीकडे निघालेला आणि पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम करणारा माणूस मुसाफिर. कोकणातले शाफई यांचा हिशोब वेगळा, शिवाय त्यांना जोहर-असर आणि मगरीब-इशा एकत्र पढण्याचीही सवलत आहे. सोलापूर असो की रत्नागिरी, सहारला बसलेला माणूस दोन्ही हिशोबांनी मुसाफिरच.

तरीही या सवलतीचा लाभ घेणे कमीपणाचे वाटते, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांना. दुपारच्या विमानाने पश्चिमेकडे जाताना सूर्य मागे हटता हटत नाही. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. मुंबईत फेब्रुवारी-मार्चमध्ये पावणेसातच्या सुमारास सुटणारा रोजा जिद्दाला पोहोचेपर्यंत आपल्या घड्याळाने नऊपर्यंत ताणला जातो. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या सत्तरीच्या बाईने हे का सोसायचे? प्रवासात रोजाने कोसळलेल्या एका माणसाभोवती गर्दी जमलेली पाहून पैगंबरांनी, असा रोजा म्हणजे नेकी नव्हे, असे बजावले होते. ज्यांची तब्येत धडधाकट आहे त्यांनी जरूर ठेवावा. पण रोजा आहे म्हणून हलायचे नाही आणि हलायचे नाही म्हणून नऊ तास डुलक्या काढायच्या, यात रोजाचाही मान राहत नाही आणि प्रवासाचाही.

आता व्यवहाराचे. लोक बाहेर पडत नाहीत त्याची कारणे दोनच, बॅग आणि भीती. बॅगेचा उपाय सोपा आहे. विमानतळावर पैसे देऊन सामान ठेवता येते, किंवा गटातल्या तरुणांनी पाळ्या लावून सांभाळावे. पासपोर्ट, तिकीट आणि औषधे मात्र अंगावरच. विमान चुकण्याच्या भीतीवर उपाय गणिताचा आहे. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी परतायचे, हे पक्के धरावे. उरलेल्या वेळातला निम्माच वापरावा, निम्मा मुंबईच्या वाहतुकीला दान द्यावा. म्हणजे नऊ तासांतले तीन तास हाती लागतात. तीन तासांत पुष्कळ होते. एक लक्षात ठेवायचे की सुरक्षा तपासणी होऊन आत गेल्यावर बाहेर येणे जिकिरीचे, त्यामुळे फिरणे चेक-इनच्या आधी उरकावे. एहरामही परत आल्यावर बांधावा. दोन शुभ्र चादरींत गर्दीतून फिरणे कोणालाच सोयीचे नाही.

गावाकडून निघताना प्रत्येक जण सांगतो, मोहम्मद अली रोडला जा, मिनारा मशिदीजवळ मालपुवा खा. हा सल्ला कानाआड करावा. तिथली रौनक खरी आहे, पण ती मगरीबनंतरची, खांद्याला खांदा लागणाऱ्या गर्दीतली. म्हाताऱ्या माणसाला घेऊन, घड्याळाकडे बघत तिथे जाण्यात मजा नाही. त्यापेक्षा माहीम.

विमानतळाखालून आता भुयारी मेट्रो जाते. आरे ते कफ परेड ही ३३ किलोमीटरची मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. टर्मिनल दोनच्या स्टेशनवरून बसायचे, वांद्रे-कुर्ला संकुल आणि धारावी मागे टाकून शीतलादेवी मंदिर स्टेशनवर उतरायचे. रिक्षा मुंबई शहराच्या हद्दीत येत नाही, म्हणून पुढे काळी-पिवळी टॅक्सी. शीतलादेवीच्या नावाच्या स्टेशनवर उतरून मखदूम शाह बाबांच्या दर्गाहला जायचे, आणि थोडे पुढे गेले की बुधवारच्या नोव्हेनासाठी सगळ्या धर्मांच्या लोकांनी भरणारे सेंट मायकल चर्च. एवढ्याशा माहीममध्ये हे सगळे आहे आणि तिथल्या लोकांना त्याचे काही विशेष वाटत नाही.

मखदूम अली माहीमी (१३७२–१४३१) यांना लोक चमत्कारासाठी ओळखतात, पण ते होते विद्वान. कुरआनवर त्यांनी अरबीत भाष्य लिहिले. कोकणच्या किनाऱ्यावर बसून लिहिलेला तो ग्रंथ पुढे अरबी जाणणाऱ्या जगात वाचला गेला. ‘कुतुब-ए-कोकण’ ही त्यांची पदवी. उरुसात पहिला संदल मुंबई पोलिसांचा असतो. त्यांच्याविषयी एक कथा सांगतात. रात्री आईने पाणी मागितले. ते घेऊन येईपर्यंत आईला झोप लागली. उठवायचे कसे, म्हणून मुलगा पेला हातात धरून पहाटेपर्यंत तसाच उभा राहिला. आईची कबरही तिथेच आहे. दर्गाहला जाणे ज्यांच्या पंथात बसत नाही, त्यांनी जाऊ नये. मशीद आहे, समुद्र आहे, आणि पातळ कागदासारख्या वड्यांचा माहीमचा हलवा तर कोणत्याच पंथाला वर्ज्य नाही.

ज्यांना इतके लांब नको, त्यांच्यासाठी अंधेरी पूर्वेला महाकाली लेणी आहेत. एकोणीस बौद्ध लेणी, सर्वांत जुनी दोन हजार वर्षांमागची. भिक्खू पावसाळ्यात फिरणे थांबवून अशाच ठिकाणी मुक्काम करीत. आणि बाहेर पडणेच ज्यांना शक्य नाही, त्यांनी निदान टर्मिनलच्या भिंती तरी बघाव्यात. २०१४ मध्ये ही इमारत सुरू झाली तेव्हा राजीव सेठी यांच्या मार्गदर्शनाखाली देशभरच्या कारागिरांच्या हजारो वस्तू तिथे मांडल्या गेल्या. मंडळी त्यांना पाठ टेकून बसतात.

या सगळ्यात एक अडचण मात्र खरी आहे, आणि ती घड्याळाची किंवा पैशाची नाही. पुरुष कुठल्याही मशिदीत शिरतो, वजू करतो, नमाज पढतो, घटकाभर पंख्याखाली आडवा होतो. बरोबरची बाई कुठे जाते? ती दारात चपला सांभाळत उभी राहते. मुसाफिराच्या सवलतींत बाई-पुरुष असा भेद नाही, पण आपल्या बहुतेक मशिदींनी मुसाफिर म्हणजे पुरुषच असे धरलेले दिसते. अम्मांसारख्या बायका बाहेर पडायला नको म्हणतात, त्यामागे अनेकदा एवढेच असते की वजूला आणि लघवीला जागा मिळेल का, याची खात्री नसते. विमानतळ, रेल्वे स्थानक, एसटी स्टँड यांच्या आसपासच्या मशिदींनी रमजानपुरती का होईना, एक खोली, एक नळ आणि एक संडास बाईमाणसासाठी राखला पाहिजे. झुंबर पुढच्या वर्षी आले तरी चालेल. हे मुंबईलाच नव्हे, आपल्या गावच्या स्टँडसमोरच्या मशिदीलाही लागू आहे.

इफ्तारचे मात्र तसे नाही. तिथे दार उघडे असते. रोजेदाराला जो इफ्तार करवतो त्याला रोजेदाराइतकेच पुण्य मिळते, असे हदीस असल्यामुळे खजूर पुढे करणारा माणूस उपकार करीत नसतो, त्याचीही कमाई होत असते. म्हणून संकोच नको. दस्तरखानावर नाव-गाव कोणी विचारत नाही. चेन्नईच्या विमानाला तीन तास आहेत आणि समोर अजान होतेय, असा एखादा हिंदू प्रवासी जाऊन बसला, तर शेजारचा सरकून जागा करतो आणि भज्यांची ताटली पुढे ढकलतो. बसून बघावे. हॉटेलातल्या तासाभरापेक्षा ती पंधरा मिनिटे जास्त लक्षात राहतात.

अम्मा पंधरा दिवसांनी परतल्या. विमान सकाळी मुंबईत उतरले, सोलापूरची सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री. पुन्हा दिवसभराचा मुक्काम. या वेळी मुलगा काही बोलायच्या आत सुनेने मेट्रोची तिकिटे काढली. सीएसएमटीला उतरून त्यांनी झमझमचे कॅन आणि बॅगा स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवल्या आणि टॅक्सीवाल्याला सांगितले, गोदी. तो म्हणाला, आत सोडत नाहीत, पास लागतो. सून म्हणाली, बाहेरूनच बघायचे आहे.

टॅक्सी गोदीच्या भिंतीला धरून चालली. एका गेटपाशी अम्मांनी थांबवायला सांगितले. पहारेकऱ्याने काय काम म्हणून विचारले, मुलाने काही नाही म्हटले. आतून एक ट्रक बाहेर पडला, फाटक पुन्हा बंद झाले. अम्मा उतरून भिंतीजवळ गेल्या, हात लावून बघितला, मान वर करून टोकापर्यंत बघत राहिल्या.

“इत्ती ऊंची दीवार है,” त्या म्हणाल्या. “खत में कभी लिखे नै.”