गृहस्वास्थ्य : मागें राहिलेल्यांची प्रकृति

२०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांत दर हजार पुरुषांमागें ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यांत मात्र ११२२. याचें एक मोठें कारण असें कीं, कोंकणांतील कर्ते पुरुष पोटासाठीं मुंबईस जातात आणि शेत, गुरें, मुलें व वृद्ध सासूसासरे घरच्या सुनेच्या हवालीं राहतात.

मुंबईहून येणाऱ्या पैशानें औषध मिळतें, हें खरें. परंतु डॉक्टरांकडे केव्हां जावयाचें हें ठरविणारें माणूस त्या पैशाबरोबर येत नाहीं. सून सर्वांच्या मागून जेवते, आणि धाप लागली तरी ‘गणपतींत हे आले म्हणजे पाहूं’ म्हणते. सासरे फोनवर ‘सर्व क्षेम आहे’ एवढेंच सांगतात. ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत, अशा पुण्याच्या घरांतही याहून निराळें घडत नाहीं.

रक्तदाब वाढला तरी पुष्कळदां त्याचें कांहींच लक्षण दिसत नाहीं. पांडुरोग तर इतका हळूहळू जडतो कीं, थकवा हा स्वभावच वाटूं लागतो. म्हणून ‘बरें आहे’ या उत्तरावर विसंबूं नये.

परगांवीं असलेल्या वाचकांनीं ‘प्रकृति कशी आहे?’ एवढेंच न विचारतां ‘रक्तदाब केव्हां मोजला? किती भरला? गोळ्या किती दिवसांच्या उरल्या?’ असें विचारावें. आणि सुनेस स्वतःच्या दुखण्यासाठीं कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागूं नये, एवढा पैसा व अधिकार तिच्या हातीं आधींच द्यावा.