धुऱ्यावरच्या भांडणाची जात

२००६च्या खैरलांजी हत्याकांडाचा, एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांच्या खुनाचा, विषय निघाला की आजही कुणीतरी ठामपणे सांगतं, ‘तो शेतीचा वाद होता, उगाच त्याला जातीचा रंग दिला.’ हे केवळ टपरीवरचं बोलणं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही १४ जुलै २०१० रोजी ही हत्या सूडापोटी झाल्याचं मानलं, ॲट्रॉसिटी कायदा लागू होत नाही हा खालच्या न्यायालयाचा निष्कर्ष कायम ठेवला आणि सहा जणांची फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद सुनावली. दोषी ठरलेले सुटले नाहीत, हे मान्य. प्रश्न त्यांच्या गुन्ह्याला काय नाव दिलं गेलं, याचा आहे.

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं हे गाव. धानाच्या बांध्या, मधून धुरे, पाण्यासाठी कालवा. भैयालाल आणि सुरेखा भोतमांगे या बौद्ध दांपत्याची इथे सुमारे पाच एकर शेती होती. गावाला त्यातून रस्ता हवा होता. बौद्ध घरं गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी बहुतेक गाव इतर मागासवर्गीय जातींचं, तेही बव्हंशी लहान शेतकऱ्यांचं. म्हणूनच ‘गरिबांचं आपसातलं भांडण’ हा युक्तिवाद पटण्यासारखा वाटतो.

पण भांडण आपसातलं असतं तेव्हा दोन्ही बाजूंना गावात कुणीतरी वाली असतो. शेजारी मध्ये पडतात, सरपंच बैठक घेतो, शेवटी तलाठी मोजणीचा अर्ज करायला सांगतो. भोतमांग्यांच्या बाजूने गावातलं कोण उभं राहिलं? मातीच्या झोपडीत राहणारं हे कुटुंब स्वतःची शेती कसत होतं, मुलांना शिकवत होतं, जमिनीवरचा हक्क सोडत नव्हतं. डोळ्यांत सलत होतं ते हे.

‘सूड होता’ हे म्हणणं तर आणखी बारकाईने तपासायला हवं. सूड कशाचा? ३ सप्टेंबर २००६ रोजी शेजारच्या गावचा पोलीस पाटील, भोतमांग्यांचा नातलग, याला मारहाण झाली. सुरेखा आणि तिची मुलगी प्रियंका या प्रकरणात साक्षीदार होत्या. २९ सप्टेंबरला संशयितांना अटक झाली, त्याच दिवशी जामीनही मिळाला. संध्याकाळी जमाव झोपडीवर चालून आला. सुरेखा, प्रियंका आणि मुलगे सुधीर व रोशन असे चौघे मारले गेले. मृतदेह कालव्यात टाकण्यात आले. भैयालाल तेवढे वाचले. बौद्ध मायलेकींनी आपल्याविरुद्ध पोलिसांपुढे तोंड उघडावं, ही आरोपींच्या लेखी आगळीक होती. मग हा सूड जातीपासून वेगळा कसा काढायचा?

शिवाय, जमीन की जात, हा पर्याय कायद्यानेच फेटाळला आहे. १९८९च्या ॲट्रॉसिटी कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाची जमीन बळकावणं, बेकायदा कसणं, जमिनीवरच्या आणि पाण्यावरच्या हक्कात अडथळा आणणं हे अत्याचाराच्याच यादीत घातलं. शिवीगाळ झाली तरच जात, धुरा सरकवला तर फक्त महसुली तंटा, अशी वाटणी त्यात नाही. कायदा करणाऱ्यांना गावगाडा कळत होता.

हे खैरलांजीपुरतं नाही. उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात १७ जुलै २०१९ रोजी उंभा गावच्या गोंड आदिवासींवर गोळीबार झाला, किमान दहा जण मेले. ट्रॅक्टर भरभरून माणसं शेत ताब्यात घ्यायला आली होती. तिथेही आधी ‘जमिनीचा वाद’ हेच शब्द ऐकू आले. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या आदिवासींची नावं जमिनीच्या कागदावर का चढली नव्हती, हे त्या शब्दांआड गडप होतं. खैरलांजीत बंदूक नव्हती. काठ्या आणि सायकलच्या साखळ्या पुरल्या.

उपाय नव्याने शोधायचा नाही. २६ जानेवारी २०१६ पासून दुरुस्त ॲट्रॉसिटी कायदा लागू झाला. मोठ्या गुन्ह्यांत ‘जातीच्या कारणावरून’ हे सिद्ध करण्याऐवजी पीडिताची जात ठाऊक असणं पुरेसं ठरलं. साक्षीदारांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र प्रकरण आलं. सुरेखा आणि प्रियंका यांना २००६ मध्ये नेमकं हेच हवं होतं. खैरलांजी खटल्यात मात्र उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्धचं सर्वोच्च न्यायालयातलं अपील प्रलंबित असतानाच २० जानेवारी २०१७ रोजी भैयालाल नागपुरात वारले.

ॲट्रॉसिटी कायद्याच्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची दक्षता समिती तीन महिन्यांतून एकदा तरी बसलीच पाहिजे. तिच्यापुढे केवळ दाखल गुन्ह्यांची यादी ठेवून भागणार नाही. दलित-आदिवासींच्या जमिनीचे, पांदण रस्त्यांचे, पाण्याचे तहसीलमध्ये पडून असलेले अर्ज प्रत्येक बैठकीत वाचले जावेत, आणि ज्या अर्जदाराने पोलिसांत साक्ष दिली आहे त्याच्या घरी, आरोपीला जामीन मिळाला त्याच दिवशी, पोलीस पोचावेत.