परवाना चालू, आरा बंद

किनवट-माहूरकडचा साग म्हटला की जुना सुतार आजही ताज्या कापलेल्या फळीवर अंगठा घासतो आणि नाकाशी नेतो. तेलकट वास लागला की मग भावाची बोलणी. या सागाच्या जिवावर पैनगंगेच्या दोन्ही काठांना आरागिरण्या उभ्या राहिल्या. कूपाचा लिलाव, डेपोतला माल, किनवटवरून जाणारी मुदखेड-आदिलाबाद रेल्वे. बाकी घरची माणसं. मराठवाड्यातल्या कितीतरी वखारी कच्छी पाटीदारांच्या. आजोबा लिलावाला, वडील आऱ्यावर, काका वसुलीला.

"कोर्टाने धंदा मारला," हे वाक्य आपल्या धंद्यात रोज ऐकू येतं. 12 डिसेंबर 1996 ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या मंजुरीविना वनक्षेत्रात चालणाऱ्या गिरण्या थांबवल्या. 30 ऑक्टोबर 2002 च्या आदेशाने राज्यांना परस्पर नवे परवाने देता येईनात. खरं आहे, पण अर्धंच. जंगलतोडीला चाप 1980 च्या वनसंवर्धन कायद्यानेच बसला होता.

उरलेलं अर्धं आपल्या घरात घडलं. नवे परवाने थांबले तशी जुन्या कागदाला किंमत आली. आरा फिरो न फिरो, नूतनीकरण चुकवायचं नाही! सातबारा तीन भावांत फोडता येतो, परवाना फोडता येत नाही. मग एका आऱ्यावर तीन चुली, आणि नवं पातं कुणी घ्यायचं यावर दिवाळीपासून पाडव्यापर्यंत अबोला. तोवर कांडल्याला घाना-इक्वेडोरचा साग उतरत होता आणि तयार चौकटी नांदेडच्या दुकानांत लागत होत्या. 2014 मध्ये म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हाही आपल्याकडे कुणी बांधावरच्या सागाकडे वळून पाहिलं नाही.

तो साग बारीक, बाहेरचा पांढरा भाग जास्त, हे कबूल. तोडीची परवानगी, वाहतूक पास, हेलपाटे, तेही कबूल. पण शेतकरी बिचकतो तो मापाला. 4 फूट गोलाईचा, 10 फूट लांब ओंडका आपण गोलाईच्या चौथाईचा वर्ग करून 10 घनफूट धरतो. प्रत्यक्षात तो पावणेतेराच्या आसपास भरतो. ही सूट सालपाटाची आणि भुशाची, हे आपल्याला पाठ. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, त्यामुळे तो घरी जाऊन नातवाकडून हिशेब करून घेतो आणि पुन्हा वखारीची पायरी चढत नाही. दोन्ही आकडे पावतीवर लिहून द्या. भाव थोडा चढेल, पण माल येईल.

नूतनीकरणाचा पुढचा अर्ज भरण्याआधी भावांनी एकत्र बसून गेल्या बारा महिन्यांची विजेची बिलं काढा. आरा किती फिरला ते त्यात दिसेल. चालवायचा की विकायचा, ते त्याच बैठकीत ठरवा.