नवऱ्याचा देश, बापाचा देश

‘कुठची गं तू?’ हा प्रश्न बाईला जन्मभर विचारला जातो. उत्तर मात्र दुसरेच कोणीतरी ठरवते. आधी बाप, मग नवरा.

डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेने व्हिसामाफीचे नियम बदलले, त्याकडे याच नजरेने पाहायला हवे. ब्रिटन, फ्रान्स, जपान अशा ३८ देशांच्या नागरिकांना तोवर ९० दिवसांसाठी व्हिसाविना अमेरिकेत जाता येई. पॅरिसमधील हल्ल्यानंतर कायदा कडक झाला. यांपैकी जे इराण, इराक, सीरिया वा सुदानचेही नागरिक आहेत, किंवा १ मार्च २०११ पासून तिथे जाऊन आले आहेत, त्यांची सवलत गेली.

वरवर पाहता नियम सर्वांना सारखा. पण इराणी कोण, हे मुळात इराणचा दिवाणी कायदा ठरवतो. इराणी पुरुषाशी लग्न करणारी परदेशी बाई त्या कायद्याने आपोआप इराणी होते. इराणी बाईशी लग्न करणारा परदेशी पुरुष होत नाही. बापाकडून मात्र मुले कुठेही जन्मली तरी इराणीच. म्हणजे इराणला कधीही न गेलेल्या ब्रिटिश बहीण-भावांनी इराणी जोडीदार निवडले, तर सवलत धोक्यात येते ती बहिणीची! जानेवारी २०१६ मध्ये बीबीसीच्या फारसी सेवेतील एका ब्रिटिश-इराणी पत्रकार स्त्रीला अमेरिकेच्या विमानात बसू दिले गेले नाही.

‘व्हिसा काढावा, एवढे काय?’ असे कोणी म्हणेल. प्रश्न फीचा वा मुलाखतीचा नाही. सुरक्षेची काळजीही खोटी नाही. पण माणूस पारखायचा तो त्याच्या कृतीवरून. एका राज्याने बाईवर लादलेली ओळख दुसरे राज्य तिच्याविरुद्ध वापरते, हा खरा अन्याय. त्याच इराणात विवाहितेला पासपोर्टसाठी नवऱ्याची परवानगी लागते.

आपणही फार पुढे नव्हतो. परदेशात जन्मलेल्या मुलाला आईकडून भारतीय नागरिकत्व मिळू लागले ते १९९२ च्या दुरुस्तीनंतर. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम ९ नागरिकत्वात समान हक्क सांगते. भारताने १९९३ मध्ये या कराराला मान्यता दिली. अमेरिकेने १९८० मध्ये सही केली, मान्यता आजही नाही. इराणने तर सहीच केलेली नाही.

मैत्रिणींनो, पोटगी आणि वारसाहक्काइतकाच नागरिकत्वाचा प्रश्नही आपल्या बैठकांत यायला हवा. लग्न करून परदेशी निघालेल्या मुलीला एवढे तरी विचारू या: लग्नाने तुझे नागरिकत्व बदलते का? मुलांना ते कोणाकडून मिळणार? आणि हे ठरवताना तुला कोणी विचारले का?