जुनी काचपेटी घेताय?

चेन्नईत बदली होऊन आलेल्या घरातली मुले एकदा कोळत्तूरला गेली, की माशांचा हट्ट सुरू झालाच म्हणून समजा! शोभेच्या माशांचा इथला व्यापार देशभर प्रसिद्ध आहे. मासे स्वस्तात मिळतात, पण नव्या काचपेटीचा भाव ऐकून आई-बाबा विचारात पडतात. तेवढ्यात शेजारचे कुटुंब शहर सोडून निघते आणि त्यांची पेटी निम्म्या किमतीत मिळत असते. घ्यावी का? जरूर घ्यावी, पण बघून.

तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटीत काठोकाठ १९० लिटर पाणी मावते. म्हणजे तेवढेच किलो वजन! ही पेटी रात्री फुटली, तर गालिचा तर जाईलच, खालच्या मजल्यावरच्यांचे छतही भिजेल.

म्हणून आधी जोड पाहा. काचा सिलिकॉनने चिकटवलेल्या असतात. आतल्या कडेचे सिलिकॉन नखाने दाबून पाहा. ते रबरासारखे लवचीक हवे. कडेने सुटत असेल किंवा त्याचा भुगा होत असेल, तर पेटी बरीच वर्षे कोरडी पडून होती असे समजा. दोन काचांच्या मधल्या थरात बुडबुडे किंवा पांढरे डाग दिसले, तर तिथली पकड सुटते आहे. जुन्या थरावर कोणी नवे सिलिकॉन फासले असेल, तर भुलू नका. जुन्यावर नवे नीट धरत नाही. सगळे खरवडून पुन्हा लावावे लागते आणि त्या खर्चात स्वस्ताई संपते.

मग काचेच्या कडांवरून बेताने नजर फिरवा, बोट नको. कोपऱ्याचा टवका उडाला असेल, तर पाण्याच्या दाबाने तिथूनच तडा जाऊ शकतो. बारीक ओरखडे मात्र चालतील. पांढरा थर बोअरिंगच्या जड पाण्याचा असतो. तो व्हिनेगरने निघतो. साबण मुळीच वापरू नका, त्याचा अंश माशांना मारक ठरतो.

खरी परीक्षा पाण्याचीच. सपाट जागी, पाणसळ लावून पेटी ठेवा. खाली जुने वर्तमानपत्र अंथरा, पेटी भरा आणि पूर्ण एक दिवस तशीच राहू द्या. कागद ओला झाला, तर व्यवहार तिथेच थांबवा. विकणाऱ्याला घाई असेल, तर एवढे तमिळ पुरे: ‘तण्णि ओळुगुदा?’ म्हणजे पाणी गळते का?

बरोबर हीटर देत असतील, तर त्याचे पैसे मोजू नका. चेन्नईच्या हवेत त्याची गरज क्वचितच पडते. इथे अडचण उलटी आहे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून हवेचा पंप चालू करून पाहा. वायरीचे आवरण तडकले असेल, तर ती वस्तू घेऊच नका.

पेटीत मासे असतील, तर गाळणीतला स्पंज नळाखाली धुऊ नका. माशांची विष्ठा निरुपद्रवी करणारे उपयुक्त जिवाणू त्यातच असतात आणि नळाच्या क्लोरिनने ते मरतात. पेटीतल्याच पाण्यात तो भिजवून, बादलीत घालून घरी आणा. पेटी मात्र पूर्ण रिकामी करूनच उचला, तीही दोघांनी, तळाला हात देऊन.