जामच्या पुलाची साक्ष

सावरगाव आणि पांढुर्णा यांच्या मधून जाम नदी वाहते. पूल नव्हता तेव्हा पैलतीर गाठावयाचा तर पाण्यात उतरण्यावाचून गत्यंतर नसे. पांढुर्ण्याचा तरुण व सावरगावची कन्या पळून जाताना भर नदीत सापडली आणि दोन्ही काठांवरून दगड सुटले, ही गोटमारीची दंतकथा त्या पूलहीन काळातील आहे. पुढे जामवर पूल झाला. आता या काठची वरात त्या काठी पुलावरूनच वाजतगाजत जाते. तरीही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीपात्रात पळस रोवला जातो, दगड सुटतात, शेकडो लोक जखमी होतात. कित्येकांनी तर प्राण गमावले आहेत. आणि दोन गावे सांधणारा पूल त्या दिवशी प्रेक्षकांचा सज्जा बनतो! दोन्ही काठांवर भाषा एक, देवी चंडी एक. मग हे दगड कोणावर?

नदीने आम्हांस कधीच तोडले नाही. जाम कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. खरी सीमा उत्तरेस, सिल्लेवानीच्या घाटात आहे. घाटाखालचा सौसरचा मुलूख मराठी. परंतु राज्यपुनर्रचना आयोगाने सामान्यतः जिल्हा हा घटक मानला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मात्र अखंड मध्य प्रदेशात राहिला आणि घाटाखालची मराठी बहुसंख्या घाटावरच्या हिंदी बहुसंख्येत बुडाली. पुढे आंध्र-मद्रास सीमेवर पाटसकरांनी खेडे हा घटक धरला आणि १९६० साली तो निवाडा अमलातही आला. तेथे जो न्याय, तो येथे का नाही?

‘मोठ्या जिल्ह्याचा तुकडा कसा पाडावा?’ ही सबबही आता उरलेली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा व सौसर हे दोन तालुके छिंदवाड्यापासून वेगळे करून पांढुर्णा जिल्हा स्थापन झाला. जी रेषा आम्ही मागत होतो, ती मध्य प्रदेश सरकारनेच स्वहस्ते आखली आहे!

आता प्रश्न आमच्या निर्धाराचा आहे. जे बाहू वर्षानुवर्षे भावाच्या कपाळाचा नेम धरीत आले, त्यांनी हातातील दगड खाली ठेवावा. सावरगावकर व पांढुर्णेकर यांनी येत्या पोळ्याच्या आत पुलावर एकत्र यावे आणि गावोगावच्या ग्रामसभांनी विलीनीकरणाचे ठराव करावेत. ज्यांना आपल्याच नदीवरचा पूल एकदिलाने ओलांडता येत नाही, त्यांच्यासाठी राज्याची सीमा कोण ओलांडू देणार?